गाडी किती देते हे सगळे विचारतात; घेते किती?

जगभरातल्या मोटार कंपन्यांचे संचालक, तिथे आराखडे काढणारे इंजिनिअर आणि त्या गाड्या विकायला बसलेली मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

तीस वर्षं मी गाड्यांखाली पडून काढली. या तीस वर्षांत गाडी घ्यायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न काही बदललेला नाही. "किती देते?" पिकअप कसा आहे, डिकीत काय मावतं, सुटे भाग मिळतात का, हे सगळं मागाहून. आधी लिटरमागे किलोमीटर. जणू गाडी म्हणजे गोठ्यातली दुभती म्हैस. पण म्हैस बघायला गेलेला माणूस दुधाबरोबर वैरणही विचारतो. गाडी घेताना ती घेते किती, हे कुणी विचारत नाही. किती वजन, किती लोखंड, किती रबर, रस्त्याची किती जागा. तुम्हीही आपणहून सांगत नाही. माहितीपत्रकात पहिल्या पानावर ॲव्हरेज असतं आणि गाडीचं वजन शेवटच्या पानावरच्या कोष्टकात, मुंगीएवढ्या अक्षरांत.

पत्र लिहायचं कारण असं, की तुमच्याकडून पुन्हा लहान गाडीची भाषा ऐकू यायला लागली आहे. सप्टेंबर 2025 मध्ये युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन यांनी युरोपीय संसदेपुढच्या भाषणात लहान आणि परवडणाऱ्या गाड्यांसाठी उद्योगाला बरोबर घेऊन काम करू, असं जाहीर केलं. चांगलं झालं. पण त्याच्या दोनच वर्षं आधी, जुलै 2023 मध्ये, फोर्डने 1976 पासून चालत आलेल्या फिएस्टाचं उत्पादन थांबवलं होतं, आणि त्याच वर्षी फोक्सवॅगनची अप ही चिमुकली गाडीही गेली. एका हाताने दिवा विझवायचा आणि दुसऱ्या हाताने काडी शोधायची, असा हा प्रकार.

लहान गाडीवरचं तुमचं प्रेम तेलाच्या भावावर चालतं. भाव चढला की ती आठवते, उतरला की अडगळीत जाते. असं निदान तीनदा झालेलं आहे. चौथ्यांदा होऊ नये एवढीच माझी खटपट.

आधी एक हिशेब मांडतो. तुमच्या इंजिनिअरांना तो पाठ असेल, पण संचालकांच्या टेबलावर तो कितीदा येतो याची मला शंका आहे. टाकीत शंभर भाग पेट्रोल टाकलं, तर शहरातल्या थांबत-थांबत चालण्यात त्यातले साधारण वीस भाग चाकापर्यंत पोचतात. बाकीचे रेडिएटरमधून, सायलेन्सरमधून, इंजिनच्या आतल्या घर्षणातून, सिग्नलला उभ्या उभ्या फुरफुरण्यातून निघून जातात. चाकापर्यंत पोचलेले वीस भाग कुणाला वाहून नेतात? गाडी दीड हजार किलोची आणि आत एकटा बसलेला माणूस 75 किलोचा. म्हणजे त्या विसांतला जेमतेम एक भाग माणसाला हलवतो, उरलेले एकोणीस गाडी स्वतःलाच हलवण्यात खर्च करते. शंभरातला एक. बाकी सगळा लवाजमा.

हा लवाजमा वजनाचा आहे. गाडीला वेग द्यायला लागणारी ताकद वजनाच्या प्रमाणात वाढते, आणि ब्रेक मारला की तेवढीच ताकद डिस्क तापवून हवेत जाते. टायर रस्त्यावर दबतो, त्याचाही रोध वजनाच्या प्रमाणात. मोठ्या रस्त्यावर वेग वाढला की हवा आडवी येते, तिथे मात्र गाडीची उंची-रुंदी आणि आकार यांचा हिशेब. वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट. म्हणजे शहरात जड गाडी मार खाते आणि महामार्गावर उंच-रुंद गाडी. जी जड, उंच आणि रुंद अशी तिन्ही असते ती दोन्हीकडे खाते. आणि एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, हे इंजिन कितीही नवं असलं तरी बदलत नाही. कमी सोडायचा तर कमी जाळायला हवं.

वजनाला आणखी एक खोड असते, ते वजनालाच बोलावून आणतं. बॉडी जड झाली की ब्रेक मोठे लागतात, ब्रेक मोठे म्हणून चाकं मोठी, चाकं मोठी म्हणून सस्पेन्शन जाडजूड, या सगळ्याला ओढायला इंजिन मोठं, इंजिनला टाकी मोठी. हे मला वाचून कळलेलं नाही. पूर्वी बारा इंची चाक एका हाताने उचलून मी बाजूला ठेवायचो. आता अठरा इंची आलं की हाताखालच्या पोराला हाक मारावी लागते. पण ही साखळी उलटीही चालते, आणि लहान गाडीची सगळी गंमत तिथेच आहे. शंभर किलो कमी केले, की आणखी काही किलो आपोआप गळतात.

ही उलटी साखळी ज्यांनी पहिल्यांदा नीट ओढली त्यांच्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो. 1956 मध्ये सुएझ कालव्याचा पेच झाला, ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग लागलं आणि रस्त्यावर बुडबुड्यासारख्या तीनचाकी गाड्या दिसायला लागल्या. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे प्रमुख लिओनार्ड लॉर्ड यांना त्या बघवत नव्हत्या. त्यांनी कंपनीतले इंजिनिअर ॲलेक इसिगोनिस यांना सांगितलं, की खरीखुरी लहान गाडी करून दाखवा. इसिगोनिस यांनी लांबी ठरवली दहा फूट, आणि त्यातली आठ फूट जागा माणसांची आणि सामानाची. मग इंजिन कुठे? त्यांनी ते आडवं फिरवलं आणि गिअरबॉक्स बाजूला ठेवायला जागा नाही म्हणून इंजिनच्या खाली, तेलाच्या तळकुंडात बसवला. दोघांना मिळून एकच तेल. चाकं दहा इंची. 1959 च्या ऑगस्टमध्ये मिनी बाहेर आली तेव्हा तिचं वजन 600 किलोच्या आसपास होतं आणि इंजिन 848 सीसीचं. चार माणसं व्यवस्थित बसायची.

दोषही होते, तेही सांगायला हवेत. आडव्या इंजिनामुळे डिस्ट्रिब्युटर, म्हणजे सिलिंडरांना ठिणगीची वीज वाटणारा भाग, पुढच्या जाळीच्या अगदी मागे आला आणि पावसाचं पाणी थेट त्याच्यावर उडायचं. गाडी रस्त्यात बंद. सुरुवातीच्या गाड्यांत पायाखालीही पाणी साचायचं. माझ्यासारख्या माणसाला तिथे हात घालायचा म्हणजे बोटं सोलून घ्यायची तयारी ठेवावी लागते. पण आज जगातली बहुतेक लहान गाडी आडव्या इंजिनावर आणि पुढच्या चाकांच्या ओढीवर चालते ती त्या दहा फुटांच्या हट्टामुळे. 2000 पर्यंत ती मिनी बनत राहिली, 53 लाखांहून जास्त निघाल्या. त्याच नावाची आजची कंट्रीमन सव्वाचार मीटरहून लांब आणि दीड टनाहून जड आहे. नाव मात्र मिनीच. इटलीत दांते जियाकोसा यांनी 1957 मध्ये केलेली फियाट 500 तीन मीटरहूनही तोकडी होती. 2007 मध्ये तेच नाव घेऊन आलेली गाडी साडेतीन मीटरच्या पुढे गेली. आजोबांचा सदरा नातवाला होईना, म्हणून सदऱ्यालाच कापड जोडत गेले.

सांगायचं एवढंच, की पहिल्या खेपेला तुम्ही आपला सगळ्यात तल्लख माणूस लहान गाडीवर बसवला होता.

दुसरी खेप 1973 ची. ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं. पिंपामागे तीनेक डॉलरचं तेल जानेवारी 1974 पर्यंत जवळपास बारा डॉलरवर गेलं. अमेरिकेत नव्या गाड्यांचं सरासरी ॲव्हरेज तेव्हा लिटरला जेमतेम सहा किलोमीटर होतं. 1975 मध्ये तिथे कायदा झाला, की 1985 पर्यंत कंपनीच्या सगळ्या गाड्यांची सरासरी गॅलनला 27.5 मैल, म्हणजे लिटरला सुमारे 11.7 किलोमीटर झाली पाहिजे. जपानी कंपन्या तोवर तयार होऊन बसल्या होत्या. होंडाची सिव्हिक 1972 मध्येच आली होती आणि तिच्यासाठी काढलेल्या सीव्हीसीसी नावाच्या इंजिनाने, धूर साफ करणारं उत्प्रेरक नळकांडं न लावता, अमेरिकेचे धुराचे नवे नियम पाळून दाखवले. हे नियम पाळता येणार नाहीत म्हणून मोठमोठ्या कंपन्या तेव्हा गळा काढत होत्या.

याच काळातली दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघावीत. जनरल मोटर्सने 1977 मध्ये आपल्या मोठ्या शेव्हरोले गाड्या नव्याने आखल्या. लांबी साधारण 25 सेंटिमीटरने कमी, वजन जवळपास 300 किलोने कमी, आणि आत डोक्यावरची जागा नि डिकी आधीपेक्षा मोठी. लोकांनी उचलून धरल्या. म्हणजे त्याच कंपनीच्या त्याच इंजिनिअरांना हे आधीही जमलं असतं. कुणी सांगितलं नव्हतं एवढंच. दुसरीकडे फोर्डची पिंटो. 2,000 पौंडांच्या आत वजन आणि 2,000 डॉलरच्या आत किंमत एवढी एकच आज्ञा, आणि नेहमीपेक्षा खूप कमी वेळात गाडी बाजारात. पेट्रोलची टाकी मागच्या आसापाठी अशी बसवली की मागून ठोकर बसली तर आग लागायची. 1978 मध्ये सुमारे 15 लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. लहान गाडी म्हणजे मोठ्या गाडीतून वस्तू काढत काढत उरलेला गाळ, असं समजून बनवली की ती अशी होते. मग लोक म्हणतात, लहान गाडी नकोच बाबा. आणि तुम्ही म्हणता, बघा, ग्राहकालाच नको आहे.

ऐंशीच्या दशकात तेल स्वस्त झालं आणि पुढे जे झालं त्याचा मला खरोखर राग आहे. तुमचे इंजिनिअर काही हातावर हात ठेवून बसले नव्हते. इंधन इंजेक्शन आलं, एका सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आले, गिअर वाढले, बॉडीचा आकार हवेला सरावला. पण ही सगळी कमाई गेली कुठे? मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले अर्थतज्ज्ञ ख्रिस्तोफर निट्टेल यांनी हा हिशेब काढला आहे. अमेरिकेत 1980 ते 2006 या काळात गाड्यांचं ॲव्हरेज सुमारे 15 टक्के वाढलं. त्याच काळात वजन 26 टक्क्यांनी आणि ताकद दुपटीहून जास्त वाढली. वजन आणि ताकद 1980 एवढीच ठेवली असती तर ॲव्हरेज जवळजवळ 60 टक्के वाढलं असतं. म्हणजे सव्वीस वर्षांच्या डोक्याच्या कमाईतला मोठा हिस्सा तुम्ही बोनेटच्या रुंदीत आणि शून्यातून शंभरावर जायच्या सेकंदांत घातला. तूप वाढलं, पण ते पोळीवर न पडता ताटाच्या कडेला ओघळून गेलं.

1865 मध्ये इंग्रज अर्थतज्ज्ञ विल्यम स्टॅनली जेव्हन्स यांनी कोळशाबद्दल हेच लिहिलं होतं: इंजिन जितकं काटकसरी, तितका कोळसा जास्त खपतो, कारण मग ते इंजिन अधिक ठिकाणी जोडलं जातं. तेव्हा दोष सगळा तुमचाच आहे असं मी म्हणत नाही. पण जाहिरात तुमची असते.

कायद्यातली फटही तुम्ही नेमकी हेरली. अमेरिकेच्या नियमात प्रवासी गाड्यांना एक मोजमाप आणि हलक्या ट्रकना दुसरं, सैल मोजमाप. शेतकरी आणि कारागीर यांच्यासाठी ठेवलेली ती सवलत. 1996 पासून कित्येक वर्षं ट्रकसाठीचा आकडा गॅलनला 20.7 मैलांवर अडकून होता. मग तुम्ही ट्रकच्या सांगाड्यावर गाद्या आणि थंडगार हवा बसवून तो कुटुंबाला विकला. पुढे नियम सुधारला, तर 2011 पासून उद्दिष्ट चाकांमधल्या क्षेत्रफळावर ठरायला लागलं. जेवढं क्षेत्रफळ मोठं तेवढं उद्दिष्ट सोपं. युरोपात किलोमीटरला 95 ग्रॅम कार्बन डायऑक्साइडची मर्यादा आली, तिच्यातही जड गाड्या करणाऱ्या कंपनीला थोडी सूट आणि हलक्या करणाऱ्याला थोडा काच. पोराने अभ्यास केला म्हणून त्याला जास्त गृहपाठ द्यावा, तसं. हे नियम सरकारांनी लिहिले हे खरं, पण लिहिताना टेबलाच्या पलीकडे कोण बसलं होतं तेही सगळ्यांना माहीत आहे.

तिसरी खेप तर माझ्या डोळ्यांदेखतची. जुलै 2008 मध्ये पिंपाला 147 डॉलर. वर्षभरात जनरल मोटर्स आणि क्रायस्लर दिवाळखोरीत, आणि ज्या हमर नावाच्या धिप्पाड गाडीच्या पोस्टरसमोर लोक फोटो काढायचे तो ब्रँड 2010 मध्ये बंद. मग पुन्हा लहान गाड्यांचा हंगाम आला, एक लिटरची तीन सिलिंडरची टर्बो इंजिनं आली. फोर्डच्या त्या इंजिनाचा ब्लॉक ए-फोर कागदावर मावतो, हे मला आजही भारी वाटतं. पण 2014 नंतर तेल कोसळलं, 2016 च्या सुरुवातीला तीस डॉलरच्या खाली गेलं, आणि 2018 मध्ये फोर्डने अमेरिकेत मस्टँग ही स्पोर्ट्स गाडी सोडून बाकी साध्या कार विकणंच थांबवायचं ठरवलं. 2023 मध्ये जगात विकल्या गेलेल्या गाड्यांपैकी सुमारे 48 टक्के एसयूव्ही होत्या. हा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा आकडा, आणि तीच संस्था सांगते की अशी गाडी मध्यम आकाराच्या साध्या गाडीपेक्षा दोनशे-तीनशे किलोंनी जड असते.

म्हणजे इंजिन तुम्ही लहान केलंत, गाडी नाही. ते बिचारं तीन सिलिंडरचं इंजिन टन-दीड टनाचं धूड ओढतं. प्रयोगशाळेतल्या रोलरवर हळुवार पाय ठेवून मोजलं की आकडा झकास. घाटात टर्बो पूर्ण जोरात फिरायला लागला की टाकीचा काटा डोळ्यांसमोर उतरतो. मग गिऱ्हाईक माझ्याकडे येतं. "कंपनी म्हणते एवढं देते, मला का देत नाही? काहीतरी लीक आहे का बघा." मी बघतो. काही लीक नसतं. एअर फिल्टर साफ करतो, टायरात हवा भरतो, आणि त्याला कसं सांगावं या विचारात पडतो. 2015 मध्ये फोक्सवॅगनच्या सुमारे 1.1 कोटी डिझेल गाड्यांत परीक्षा ओळखून वागणारं सॉफ्टवेअर निघालं. 2017 पासून युरोपात चाचणीची पद्धत बदलावी लागली. त्या प्रकरणानंतर तुमच्या आकड्यांवर लोकांनी विश्वास का ठेवावा, हा प्रश्न मला गिऱ्हाइकं विचारतात. उत्तर तुमचं आहे, ऐकून मी घेतो.

तुमची बाजूही मला कळते. लहान गाडीत नफा चिमटीभर. एअरबॅग, सेन्सर, कॅमेरा, धूर साफ करणारी नळकांडी यांची किंमत गाडी लहान म्हणून लहान होत नाही. दोन मीटर लोखंड जास्त लावलं की ते लोखंड स्वस्तात पडतं आणि गाडी मात्र दीडपट दराने विकली जाते. भागधारक वर्षाला हिशेब मागतात. हे सगळं मान्य. पण मग "लोकांना मोठीच गाडी हवी" असं म्हणू नका. "आम्हाला मोठी विकणं परवडतं" असं म्हणा. ते ऐकायला मी तयार आहे.

कारण नियम नीट आखला तर लहान गाडीतही धंदा होतो, हे जपानने दाखवलंय. 1949 मध्ये तिथे केई नावाचा वर्ग ठरला. आजची मर्यादा लांबी 3.40 मीटर, रुंदी 1.48 मीटर, इंजिन 660 सीसी. त्या चौकटीत बसलात तर कर कमी, कित्येक ठिकाणी पार्किंगच्या नियमांतही सूट. आणि त्या चौकटीत काय काय नाही केलं त्यांनी! उभ्या पेटीसारख्या कुटुंबगाड्या, सरकते दरवाजे, चिमुकले ट्रक, दोन माणसांच्या स्पोर्ट्स गाड्या. तिथल्या नव्या गाड्यांपैकी साधारण एक तृतीयांश या वर्गातल्या असतात. तिथल्या माणसाला लहान गाडी चालवताना हार पत्करल्यासारखं वाटत नाही, कारण ती मोठीची कापलेली आवृत्ती नसते. लांब पल्ल्याच्या रस्त्यावर ती धापा टाकते, हेही खरं. पण रोजच्या दहा-वीस किलोमीटरला महामार्गाचं इंजिन कशाला बाळगायचं?

सुरक्षेचा मुद्दा मात्र मला झटकून टाकता येत नाही. लेकरं मागच्या सीटवर बसवणारे आईबाप माझ्याकडे येऊन हळूच विचारतात, "मोठी घेतली तर सुरक्षित ना?" मी खोटं बोलत नाही. एक टनाची आणि दोन टनांची गाडी समोरासमोर धडकली, तर हलक्या गाडीच्या वेगात जड गाडीच्या दुप्पट फरक पडतो. तिच्यातल्या माणसांना जास्त लागणार. पण ती सुरक्षा मोठ्या गाडीने निर्माण केलेली नसते, समोरच्याच्या वाट्याची उचलून घेतलेली असते. शेजाऱ्याने दोन टनांची घेतली म्हणून मी अडीच टनांची घ्यायची, हे कुठे थांबणार? आणि पायी चालणाऱ्याने काय घ्यायचं? अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने 2023 मध्ये पादचाऱ्यांच्या अपघातांचा अभ्यास मांडला. बोनेटची पुढची कड 40 इंचांहून, म्हणजे मीटरभराहून उंच असलेल्या गाड्या, 30 इंचांपर्यंतच्या उतरत्या नाकाच्या गाड्यांपेक्षा पादचाऱ्याचा जीव घेण्याची शक्यता सुमारे 45 टक्के जास्त. मीटरभर उंच कड म्हणजे पहिली-दुसरीतल्या पोराचा चेहरा किंवा छाती. आराखडे काढणाऱ्यांनो, ही उंची बहुतेक वेळा इंजिनाला लागत नाही. ती रुबाबाला लागते.

वीज आली म्हणजे हा प्रश्न मिटला, असंही कुणी समजू नये. जीएमसीच्या विजेच्या हमरचं वजन चार टनांच्या वर आहे. तिची नुसती बॅटरी सुमारे 1,300 किलोची, म्हणजे 1959 ची मिनी दोनदा. त्या बॅटरीत 200 युनिटांहून जास्त वीज मावते. डाचिया स्प्रिंग या छोट्या गाडीत 2025 पर्यंत 26.8 युनिटांची बॅटरी असायची. एका हमरच्या बॅटरीत अशा सात गाड्या निघतील. लिथियम, निकेल, तांबं जमिनीतून काढायला लागतं, ते कुठल्या कंपनीच्या नळातून येत नाही. सिट्रोएनची ॲमी तर बॅटरीसकट पाचशे किलोंच्या आत बसते, दोन माणसं, ताशी 45 किलोमीटर. सगळ्यांच्या कामाची नाही, पण अनेकांच्या रोजच्या फेरीला पुरेशी. विजेच्या गाडीत थांबताना ऊर्जा परत मिळते, ब्रेक पॅड कमी झिजतात. हे मी हाताने अनुभवलंय. टायर मात्र त्या खातात. जड गाडीचं रबर कुठे जातं, तर रस्त्यावर, आणि तिथून धुळीत.

काही ठिकाणी आता वजनालाच भाव लागायला लागलाय. फ्रान्समध्ये 2022 पासून 1,800 किलोंच्या वरच्या प्रत्येक किलोला 10 युरो असा अधिभार आला, 2024 मध्ये ती रेषा 1,600 किलोंवर आणली. पॅरिसकरांनी फेब्रुवारी 2024 मध्ये जड गाड्यांचं पार्किंग तिप्पट महाग करायच्या बाजूने कौल दिला. मतदानाला फारच थोडे आले होते हेही सांगायला हवं, पण वारं कुठून वाहतंय ते कळतं. तुम्ही स्वतः केलं नाही तर कर खातं करील, आणि कर खात्याला गाड्यांतलं काही कळत नाही.

माझं मागणं फार नाही. ॲव्हरेजच्या आकड्याशेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, गाडीचं वजन छापा. दर नवी पिढी आधीच्या पिढीपेक्षा लांब, रुंद आणि जड झालीच पाहिजे हा नेम मोडा. एकदा तरी नव्या गाडीच्या अनावरणात "ही मागच्यापेक्षा 120 किलो हलकी आहे" असं वाक्य ऐकायचंय मला. लहान गाडीत सुरक्षा कापू नका. सहा एअरबॅगा आणि चांगले ब्रेक हे वरच्या मॉडेलचं बक्षीस नसतं. सूर्यछत, पंधरा इंची पडदा, दरवाज्यात लुकलुकणारे दिवे हे खुशाल कापा. आणि नमुन्याची गाडी करून टाळ्या घेऊ नका. 2002 मध्ये फोक्सवॅगनचे प्रमुख फर्डिनांड पिएख स्वतः वोल्फ्सबुर्गहून हँबर्गला शंभर किलोमीटरला एक लिटरहून कमी डिझेल पिणारी गाडी चालवत गेले होते. त्यातून पुढे एक्सएल-वन आली ती 250 नगांची, लाखभर युरोंहून महाग. म्हणजे काटकसरीची गाडी फक्त उधळ्या माणसाला परवडणार. तुमच्यातल्या विनोदबुद्धीला माझा सलाम.

एक अगदी माझ्या धंद्याची गोष्ट. लहान गाडी करताना जागा वाचवायची म्हणून सगळं असं कोंबू नका, की पुढच्या दिव्याचा बल्ब बदलायला बंपर उतरवावा लागेल. दुरुस्ती महाग पडली की लहान गाडी आठ वर्षांत भंगारात जाते, आणि ती बनवताना जाळलेलं कोळसा-तेल फुकट जातं. इसिगोनिस यांनी डिस्ट्रिब्युटर पावसात ठेवला होता. ती चूक तुम्ही करू नका, चुका करायच्याच तर नव्या करा.

आणि त्या तल्लख माणसाचं बघा. तुमच्या कंपनीतला सगळ्यात हुशार इंजिनिअर आज कशावर काम करतो आहे? तीन सेकंदांत शंभरावर जाणाऱ्या गाडीवर असेल, तर त्याला तिथून उठवा. त्याच्यापुढे साडेतीन मीटरची चौकट ठेवा, सातशे-आठशे किलोंची हद्द घाला, चार माणसं आणि त्यांच्या पिशव्या आत बसल्या पाहिजेत म्हणा, आणि मग त्याला तेलाचा भाव न बघता तीन-चार वर्षं काम करू द्या. मधेच भाव उतरला तरी फाइल बंद करू नका. एवढं मात्र लिहून द्या.

रॅम्पवर एक वीस वर्षांची छोटी गाडी चढवून ठेवली आहे. मालक दुपारी न्यायला येणार, आणि क्लच प्लेट अजून बसवायची आहे. म्हणून इथेच थांबतो.

आपला,
बोनेटखाली वाकून वाकून कंबर धरलेला एक मेकॅनिक